रंग अकराव्या धड्यात!

“एचटीएमएल? त्यात शिकायचं काय असतं राव? दोन संध्याकाळचं काम!” कॉम्प्युटरच्या कुठल्याही बॅचला विचारा, हेच उत्तर मिळेल. आणि हल्ली तर दोन संध्याकाळसुद्धा लागत नाहीत. “गॅदरिंगसाठी झकास वेबपेज बनवून दे” एवढं एक वाक्य एआयला टाकायचं, कँटीनमधला चहा यायच्या आत पान तयार. रंग, सावल्या, सरकणारी चित्रं, सगळं हजर! मग वेब टेक्नॉलॉजीच्या जर्नलमधली पहिली चार प्रॅक्टिकल्स सीनियरच्या फाईलवरून उतरवली जातात, ओरलला ‘हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज’ असा फुलफॉर्म सांगितला जातो, सही मिळते आणि विषय संपतो.

मित्रमैत्रिणींनो, माझं म्हणणं याच्या उलट आहे. थोडं जुनाट वाटेल, पण ऐकून तर घ्या. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याने, मग तो कॉम्प्युटरचा असो की सिव्हिलचा, एकदा तरी नवशिक्यांसाठी लिहिलेलं एचटीएमएलचं पुस्तक घ्यावं आणि पहिल्या पानापासून, स्वतःच्या हाताने टाईप करत, ते पुरं करावं. नोकरीसाठी म्हणत नाही मी. नुसतं एचटीएमएल येतं म्हणून कुणी पॅकेज देत नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे पुस्तक एक सवय लावतं, आणि ती सवय नुसतं स्क्रीनकडे बघून कधीच लागत नाही. एखादी गोष्ट ‘कशी दिसते’ हे विचारायच्या आधी ती ‘काय आहे’ हे विचारण्याची सवय!

एक उदाहरण घेऊ. जॉन डकेट यांचं ‘एचटीएमएल अँड सीएसएस’ हे २०११ साली आलेलं पुस्तक तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. दिसायला एकदम देखणं, पानोपानी रंग आणि चित्रं. पण गंमत बघा. एवढ्या रंगीत पुस्तकात रंग कसा द्यायचा हे शिकवणारा धडा आहे अकरावा! आधीचे धडे कसले? रचना, मजकूर, याद्या, लिंका, चित्रं, तक्ते, फॉर्म. दहाव्या धड्यात सीएसएसची तोंडओळख होते, आणि मग कुठे रंगाची पाळी येते. नवशिक्याला याचा वैताग येतो. त्याला पहिल्याच दिवशी निळं बॅकग्राऊंड आणि नाचणारी अक्षरं हवी असतात. पुस्तक मात्र त्याला शांतपणे सांगतं, बाबा रे, आधी हे शीर्षक आहे का परिच्छेद आहे ते सांग. ही यादी आहे का तक्ता आहे ते ठरव. रंगाचं नंतर बघू.

हा क्रम काही लेखकाच्या लहरीने ठरलेला नाही. वेबचा इतिहाससुद्धा याच क्रमाने घडला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली. १९९१ मध्ये एचटीएमएलचं जे पहिलं वर्णन आलं, त्यात टॅग होते अवघे १८. शीर्षक, परिच्छेद, यादी, लिंक असे. त्यात रंग नव्हता. चित्र सुद्धा नव्हतं! चित्राचा टॅग १९९३ मध्ये सुचवला गेला. रूप ठरवणारी सीएसएस तर त्याहून नंतरची, तिचं पहिलं प्रमाण डिसेंबर १९९६ चं. म्हणजे आधी अर्थ, मग रूप. सर्नने ते पहिलं संकेतस्थळ २०१३ मध्ये त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवलं. ते आजच्या मोबाईलवरही बिनतक्रार उघडतं. तीस वर्षांपूर्वीच्या किती सॉफ्टवेअरबद्दल असं सांगता येईल? याउलट एकेकाळी ज्याच्यावर सगळं जग फिदा होतं, त्या फ्लॅशचा सपोर्ट अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला आणि त्यात केलेली सगळी झगमग ब्राउझरमधून नाहीशी झाली.

आता कुणी म्हणेल, “पान नीट दिसतंय ना? मग आत काय लिहिलंय त्याच्याशी कुणाला काय करायचंय?” खरी मेख इथेच आहे. सी प्रोग्रॅमिंगमध्ये एक सेमीकोलन विसरा, कंपायलर लगेच डोळे वटारतो. एचटीएमएलमध्ये असं काही होत नाही. ब्राउझर हा अत्यंत प्रेमळ परीक्षक आहे. टॅग बंद करायला विसरलात, तो समजून घेतो. एकात एक घातलेले टॅग उलटसुलट बंद केलेत, तो सावरून घेतो. चुकलेल्या पानाचं काय करायचं याचे नियमसुद्धा एचटीएमएल५ च्या प्रमाणात बारकाईने लिहून ठेवलेत. ही क्षमाशीलता होती म्हणूनच वेब एवढं पसरलं, शाळकरी पोरंही पानं बनवू शकली. पण तिचा तोटा हा की जो फक्त स्क्रीनकडे बघून शिकतो, त्याला आपण काय चुकीचं लिहिलंय ते कधी कळतच नाही. दिसतंय ना, झालं तर!

मग चूक कळते कुणाला? जो ते पान डोळ्यांनी बघत नाही त्याला.

अंध विद्यार्थी स्क्रीन रीडर वापरतो. पानावरचा मजकूर तो वाचून दाखवतो, आणि वाचताना आधार घेतो टॅगचा. समजा तुम्ही ‘डिव्ह’ला हिरवा रंग आणि गोल कोपरे देऊन झकास ‘सबमिट’ बनवलं. डोळ्यांना ते बटण आहे. पण कीबोर्डची टॅब-की त्याच्यावर जाऊन थांबत नाही, एंटर दाबून काही होत नाही, आणि स्क्रीन रीडरला ते बटण आहे हेच समजत नाही. तिथे साधा ‘बटण’ हा टॅग लिहिला असता तर हे सगळं फुकट मिळालं असतं. तसंच मोठ्या, ठळक अक्षरात लिहिलं म्हणजे शीर्षक होत नाही. ‘एच१’, ‘एच२’ लिहिले तर स्क्रीन रीडर वापरणारा एक की दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. ते नसतील तर त्याने अख्खं पान पहिल्यापासून ऐकायचं, कॅसेट ऐकल्यासारखं. फॉर्मच्या रकान्याला ‘लेबल’ जोडलं नाही, तर तिथे नाव टाकायचं का मोबाईल नंबर ते त्याला कळणार कसं? आणि चित्राला ‘ऑल्ट’ मजकूर दिला नाही, तर टाईमटेबलचा फोटो लावून तुम्ही त्याला काहीच सांगितलेलं नसतं.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. सगळ्या गोष्टी नवशिक्याच्या पुस्तकात पहिल्या सात-आठ धड्यांत येतात. तरी जगातली स्थिती काय आहे? अमेरिकेतल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीतली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइट्सची मुखपृष्ठं तपासते. २०२४ च्या तपासणीत ९५.९ टक्के पानांवर अशा चुका सापडल्या. ५४.५ टक्के पानांवर ‘ऑल्ट’ नसलेली चित्रं होती, ४८.६ टक्के पानांवर लेबल नसलेले रकाने. ही पानं काही अडाण्यांनी बनवलेली नाहीत. पगारी, डिग्रीवाल्या माणसांनी बनवलेली आहेत. त्यांनी अकरावा धडा आधी वाचला, एवढंच!

आणि हा फक्त चांगुलपणाचा प्रश्न राहिलेला नाही. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. हा निकाल बँका वगैरेंच्या ऑनलाईन केवायसीबद्दलच्या प्रकरणात आला. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नव्हते, दृष्टिहीनांना स्क्रीनवरच्या सूचना पाळता येत नव्हत्या, म्हणून ते बाहेर राहत होते. विचार करा, परीक्षेचा फॉर्म, स्कॉलरशिपचा अर्ज, होस्टेलची यादी, सगळंच ऑनलाईन आहे. तिथे एक टॅग चुकला तर कुणाचं तरी वर्ष जाऊ शकतं.

‘दिसणं’ आणि ‘असणं’ यातला फरक खरं तर आपल्या मराठीने चांगलाच भोगलाय. युनिकोड रुळायच्या आधी मराठी वेबसाइट्स आपापला वेगळा फाँट वापरायच्या. तो डाऊनलोड करून घ्यायचा, मगच मराठी दिसायची. पण फाईलच्या आत देवनागरी नव्हतीच! आत होती रोमन अक्षरं आणि चिन्हं, वरून त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला. फाँट गेला की मुखवटा गळून पडायचा आणि खाली अगम्य चिन्हांची रांग उरायची. ते लेखन शोधून सापडत नसे, दुसरीकडे चिकटवलं तर वाचता येत नसे. ते मराठी दिसत होतं, मराठी नव्हतं. त्यातला बराच मजकूर आज आपल्याला सहजासहजी वाचता येत नाही.

आज पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात ‘मेटा’ टॅगमध्ये यूटीएफ-८ लिहायला सांगतात, आणि आपण ती ओळ मंत्रासारखी उतरवतो. जरा थांबून बघा तिच्यात काय आहे. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे पाच युनिकोड संकेतांक आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला तीन बाइट लागतात. म्हणजे पंधरा बाइट झाले. ही पंधरा बाइट कुठल्या हिशोबाने वाचायची ते ब्राउझरला सांगणारी ती ओळ आहे. ती चुकली तर पुन्हा तीच अगम्य चिन्हांची रांग!

त्याच्याच शेजारी आणखी एक छोटी गोष्ट असते, ‘लँग’. पुस्तकातल्या नमुन्यात तिथे बहुधा ‘ई एन’ असतं, म्हणजे इंग्रजी. आपण ते तसंच उतरवतो आणि खाली सगळा मजकूर मराठीत लिहितो. तिथे ‘एम आर’ लिहून बघा. स्क्रीन रीडरमध्ये मराठी आवाज असेल तर तो आता पान मराठीत वाचेल. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श हिंदी वळणाऐवजी आपल्या मराठी वळणाचे दिसतील! दोन अक्षरांत एवढं होतं. आणि वेबएमच्या त्याच तपासणीत सुमारे १७ टक्के पानांवर भाषा नोंदवलेलीच नव्हती. आपल्या किती वर्गमित्रांना ही दोन अक्षरं माहीत आहेत, ते एकदा विचारून बघा.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला आक्षेप, पुस्तक जुनं होतं. खरंच होतं. डकेट यांच्या त्याच पुस्तकात नवव्या धड्यात फ्लॅश आहे, त्याचं काय झालं ते वर पाहिलं. पानाची मांडणी तिथे ‘फ्लोट’ने शिकवली आहे. आज ते काम फ्लेक्सबॉक्सने आणि २०१७ पासून प्रमुख ब्राउझरमध्ये आलेल्या ग्रिडने होतं. त्याहून जुनी पुस्तकं असतील, तर ‘फाँट’, ‘सेंटर’ आणि आपला लाडका ‘मार्की’ भेटेल. हे टॅग प्रमाणातून बाद झालेत. पण जुनं काय झालं ते नीट पाहा. बाद झालेलं जवळजवळ सगळं ‘दिसण्या’तलं आहे. परिच्छेद, यादी, लिंक, तक्ता, फॉर्म हे ‘असण्या’तलं जसंच्या तसं टिकलंय. म्हणून लायब्ररीतलं जुनं पुस्तक घ्यायला हरकत नाही. सीएसएसचे धडे नवीन ठिकाणाहून घ्या, एचटीएमएलचे तिथूनच घ्या. फक्त शक्यतो २०११ च्या आधीचं घेऊ नका, म्हणजे अक्षरं रंगवायला ‘फाँट’ शिकवणारं हाती लागणार नाही.

दुसरा आक्षेप, व्हिडिओ आहेत की! आहेत, आणि त्यातले कितीतरी उत्तम आहेत. पण व्हिडिओ आपल्या वेगाने चालतो आणि आपण मान डोलावत बसतो. पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं, कोरं नोटपॅड समोर आलं की हात थांबतात. पुस्तक तुमच्यासाठी थांबतं. त्याच्यातून कॉपी-पेस्टही करता येत नाही, हा त्याचा दोष नाही, मोठा गुण आहे! एक अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं आणि अर्धं पान गायब झालं, की ते कुठे गेलं हे शोधण्यात जी अर्धी रात्र जाते, तीच तुमची डिबगिंगची पहिली शिकवणी.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार. एआय लिहून देतं, मग आपण कशाला लिहायचं? मी एआयच्या विरोधात अजिबात नाही, रोज वापरतो. पण फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवा. सीएनसी मशीन असताना आपल्याकडून माईल्ड स्टीलची पट्टी कानस मारून काटकोनात का आणून घेतात? कानस मारणाऱ्या हाताला टॉलरन्स म्हणजे काय ते कळतं, म्हणून. सिव्हिलवाल्यांना विचारा. स्टॅडमध्ये मॉडेल टाकलं की उत्तर येतं. पण सिम्प्ली सपोर्टेड बीमवर सारखा पसरलेला भार असेल तर मधला बेंडिंग मोमेंट डब्ल्यूएल स्क्वेअर बाय एट, हे ज्याने हाताने काढलेलं नाही, त्याला सॉफ्टवेअरचं उत्तर दहापट चुकलं तरी समजणार नाही. ड्रॉइंगवर सही मात्र त्याचीच असते!

वेबपानाचंही तेच. एआय ज्या पानांवरून शिकलं, ती पानं कशी आहेत ते वर आकड्यांत पाहिलं. त्याने ‘डिव्ह’चं बटण बनवून दिलं तर ते ओळखणार कोण? ज्याने एकदा हाताने लिहिलंय तोच. बाकीच्यांना पान ‘मस्त दिसतंय’ एवढंच दिसेल.

आणखी एक मुद्दा, खास मराठी माध्यमातून आलेल्या मित्रांसाठी. फर्स्ट इयरला जाडजूड इंग्रजी टेक्स्टबुक उघडलं की पोटात गोळा येतो. चार पानं वाचून आपण लोकल ऑथर गाठतो आणि पीएलमध्ये रट्टा मारतो. एचटीएमएलचं नवशिक्याचं पुस्तक ही कोंडी फोडू शकतं. वाक्यं छोटी, शेजारी चित्र, आणि प्रत्येक वाक्य खरं का खोटं ते लगेच स्वतः करून बघता येतं. प्रमाणात टॅग शंभरावर असले तरी रोजच्या कामाला पंचवीस-तीस पुरतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून संपवलेलं पहिलं इंग्रजी तांत्रिक पुस्तक म्हणून याच्याइतकं सोपं दुसरं मिळणं कठीण. ते एकदा संपलं, की पुढच्या पुस्तकाची भीती निम्मी होते.

तर करायचं काय? नोटपॅड आणि ब्राउझर, एवढंच लागतं. नेटही नको, पैसेही नकोत. पहिले आठ दिवस सीएसएसला हातसुद्धा लावायचा नाही, असा नियम करा. रोज एक धडा, आणि पुस्तकातलं उदाहरण तसंच न उतरवता आपलं घाला. यादीच्या धड्याला मेसचा आठवड्याचा मेनू. तक्त्याच्या धड्याला आपल्या डिव्हिजनचं टाईमटेबल, रकान्यांच्या शीर्षकांना ‘टीएच’ लावून. लिंकच्या धड्याला गावच्या एसटीचं वेळापत्रक, दर फाट्याला एक पान. फॉर्मच्या धड्याला ट्रिपची नावनोंदणी, प्रत्येक रकान्याला लेबल देऊन. मजकूर मराठीत लिहा, फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, ‘लँग’मध्ये ‘एम आर’ टाका. मग दोन चाचण्या. माऊस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने अख्खं पान फिरता येतं का? आणि फोनमधला स्क्रीन रीडर चालू करून, डोळे मिटून, टाईमटेबल समजतं का? ही ओरल कुठल्याही एक्स्टर्नलपेक्षा कडक आहे!

शेवटी एक विनंती, आपल्या कॉम्प्युटर आणि आयटीच्या मंडळींना. वेब शिकायला जगभरचे लोक ज्या एमडीएनकडे जातात, ते फ्रेंच, जपानी, कोरियन, स्पॅनिश अशा भाषांत आहे, मराठीत नाही. दरवर्षी आपण मिनी प्रोजेक्टच्या नावाखाली तीच ती लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम करतो. त्याऐवजी एका बॅचने चाळीस पानांचं एचटीएमएलचं पुस्तक मराठीत लिहिलं तर? कुणाच्या पुस्तकाचं भाषांतर नको. आपल्या शब्दांत, आपल्या मेनूची आणि एसटीची उदाहरणं घेऊन. स्पायरल बाइंडिंग करून लायब्ररीत ठेवायचं, पुढच्या बॅचने त्यातल्या चुका दुरुस्त करायच्या. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्या एखाद्या मुलीच्या हाती ते पडेल, आणि तिला पहिल्याच पानावर ‘लँग’पुढे ‘ई एन’ऐवजी ‘एम आर’ दिसेल. रंगाचा धडा त्यात कितवा असावा, ते काही मी सांगायला नको!